रंगाखालचा बोल्ट

"मॅडम, जरा सरांना फोन देता का?"

पलीकडचा पोरगा तिसऱ्यांदा हेच म्हणाला. ईशान नाव त्याचं. पुण्याकडच्या ज्या वर्कशॉपनं आमच्या तेरा सीटच्या गाडीत पलंग, ओटा, फ्रिज आणि लिथियम बॅटरी बसवून तिचं चालतंफिरतं घर केलं होतं, तिथला हा इंजिनिअर. आवाज गोड, बोलणं अदबीचं. पण मी काय सांगते ते त्याच्या कानापर्यंत पोचतच नव्हतं.

"सर पलंगावर आहेत. त्यांच्या नाकात नळी आहे," मी म्हटलं. "जे काय आहे ते मला सांगा."

"बरं. पॅनलवर चार्जरचं इनपुट किती दिसतंय?"

"चौदा पॉइंट एक."

"म्हणजे इंजिनकडून येणारी वीज ठीक. चार्जर ठीक. मग बॅटरी आतून लॉक झालीय. ती तुम्हाला उघडणार नाही मॅडम. भूजला टो करून न्या, मी तिथून गाडी पुण्याला मागवतो."

भूज मागे राहिलं होतं सव्वाशे किलोमीटर. घडुली गाव मागे टाकून लखपतच्या रस्त्याला लागलो होतो आम्ही. दोन्ही बाजूंना बाभळीची खुरटी झुडपं, त्यापलीकडे सपाट माती, आणि वर जानेवारीचं फिकट ऊन. दुपारचा एक वाजला होता. गेल्या अर्ध्या तासात एक उंटवाला तेवढा दिसला होता.

बॅटरी एकोणीस टक्क्यांवर होती. सकाळपासून चार तास गाडी चालवली होती मी. एवढ्या वेळात ती भरून काठोकाठ व्हायला हवी होती, आणि इथे ती उतरतच चालली होती. छतावरचं सोलर पॅनल लहान, फ्रिजपुरतं. ऑक्सिजनचं मशीन चालायचं ते या बॅटरीवर. एकोणीस टक्के म्हणजे जेमतेम सव्वा तास. त्यानंतर दोन तासांचा लहान सिलिंडर. पुढे काही नाही.

हे कुणासाठी, तर माझ्या मिस्टरांसाठी. हणमंतराव थोरवत. मिरजेच्या एका खासगी बस कंपनीत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर. फुप्फुसं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी घरी जपून ठेवा म्हणून सांगितलं होतं. ह्यांनी मात्र एकच धोशा लावला. "आयुष्यभर वेळापत्रकात लिहिलं तिथून गाडी वळवली. एकदा रस्ता संपतो तिथपर्यंत जायचंय." नकाशा पसरून त्यांनीच बोट ठेवलं होतं लखपतवर. किल्ल्याची भिंत, भिंतीपलीकडे रण, आणि पुढे रस्ताच नाही. गाडी मी चालवणार होते. चोपन्नाव्या वर्षी शिकले होते मी, त्यांच्याकडूनच, आणि शिकवताना त्यांनी मला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या मी त्यांना संसारात घातल्या नव्हत्या.

ईशानचा फोन ठेवते न ठेवते तोच मुलाचा आला. सुयोग. त्या वर्कशॉपवाल्यानं त्याला आधीच कळवलं होतं.

"आई, पुरे झाला हट्ट. मी भूजहून अ‍ॅम्ब्युलन्स पाठवतोय. तीन तासांत येईल. बाबांना दवाखान्यात घालायचं, गाडी तिथेच सोडायची आणि तुम्ही विमानानं परत यायचं."

"आधी बघू तर दे काय झालंय ते."

"तू? तू काय बघणार?" तो थांबला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "आई, तू हात लावू नकोस हां कशाला. एकदा झालंय ना तुझ्या हातून?"

  सर्जेरावांचे हात माझ्यामुळे भाजले, हे घरात, गल्लीत, सगळ्या नातेवाइकांत पक्कं होतं.

हे सांगायला हवं. मी शशिकला. आयटीआयला वीजतंत्रीच्या वर्गात त्रेचाळीस पोरांत एकटी मुलगी होते. ह्यांच्याच बस कंपनीच्या डेपोत मला वायरिंगचं काम मिळालं, लग्नही तिथूनच जमलं. सोळा वर्षं मी बसच्या पोटात घुसून वायरी ओढल्या. मग एका व्हिडिओ कोचच्या डॅशबोर्डखाली आग लागली. ड्रायव्हर होते सर्जेराव खोत, ह्यांचे जिवलग. त्यांनी आधी सगळे प्रवासी उतरवले, आणि मग बॅटरीची जळती केबल दोन्ही हातांनी उपटून काढली. गाडी वाचली. बोटं मात्र कायमची आखडली.

आठ दिवस आधी त्या गाडीबद्दल मी रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, की टीव्ही आणि पंखे वाढवलेत, मुख्य लाइनची केबल बारीक पडते, गरम होते, पंचवीस एमएमची टाकावी. आगीनंतर रजिस्टर उघडलं तर ते पानच नाही. कंपनीच्या शेठनं माझ्यापुढे कागद सरकवला. त्यात लिहिलं होतं, 'माझ्या निष्काळजीपणामुळे.' मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "सही कर. नोकरी तरी राहील."

मी सही केली. मला तिकीट खिडकीवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत मी तिकिटं फाडली. त्या सहीनंतर वीस वर्षांत मी टेस्टर हातात धरला नाही. घरातला बल्ब गेला तरी शेजारच्याला हाक मारायचे.

"अ‍ॅम्ब्युलन्स पाठवू ना?" सुयोग फोनवर विचारत होता.

तेवढ्यात मला 'टक्' असा आवाज आला. पलंगाखालच्या बंद पेटीतून. अगदी बारीक. मी फोन कानापासून लांब धरला. इंजिन चालूच ठेवलं होतं. मी मनात मोजायला लागले. चाळिसाव्या आकड्याला पुन्हा 'टक्'. मी पॅनलकडे बघितलं. चौदा पॉइंट एक. पुन्हा मोजलं, आणि ह्या वेळी डोळे तिथेच ठेवले. 'टक्' झालं आणि क्षणभर, डोळा लवावा तेवढाच वेळ, आकडा घसरला. बाराच्याही खाली. आणि परत चौदा पॉइंट एक.



"सुयोग, ठेव फोन," मी म्हटलं.

"आई, अ‍ॅम्ब्युलन्स..."

"पाठव. ती येईपर्यंत तीन तास आहेत ना माझ्याकडे? ते माझे आहेत."

मी पलंगाखाली वाकले. पेटीला चार स्क्रू, आणि वर वर्कशॉपचं चांदीच्या रंगाचं सील. 'उघडल्यास वॉरंटी रद्द.' मी पुन्हा ईशानला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"ईशान, चार्जर चालू व्हायला जातोय आणि बंद पडतोय. दर चाळीस सेकंदांनी. बॅटरी लॉक नाही झालेली. चार्जर ओढायला लागला की मागून व्होल्टेज बसतंय."

"मॅडम, इनपुट चौदा पॉइंट एक आहे म्हणालात ना तुम्हीच?"

"तो काही ओढत नाही तेव्हाचा आकडा आहे तो. नळ बंद असताना टाकीत पाणी दिसणारच. नळ सोडल्यावर किती येतंय ते बघायला पाहिजे. मी पेटी उघडतेय."

"नको नको. सील तोडलंत तर आमची जबाबदारी संपली. आत जास्त करंट असतो मॅडम. प्लीज सरांना फोन द्या, मी त्यांना समजावतो."

पलंगावरून हात पुढे आला. हणमंतरावांचा. मी फोन त्यांच्याकडे दिला. त्यांनी नाकातली नळी नीट केली, दोन श्वास घेतले.

"सर बोलतोय," ते म्हणाले. "ऐक. मी ड्रायव्हर आहे. मला त्यातलं काही कळत नाही." पुन्हा श्वास. "वीजतंत्री ती आहे. ती सांगते ते ऐक, नाहीतर फोन ठेव."

 मग ईशान म्हणाला, "मी लाइनवर आहे."

मी नखानं सील उपटलं. स्क्रू काढायला स्क्रू ड्रायव्हर होता, पण मोजायला काय? "मीटर असता तर," असं मी पुटपुटले तर हे म्हणाले, "डाव्या खणात. टॉवेलांच्या खाली."

टॉवेलांखाली कोरा मल्टिमीटर होता. वेष्टनसुद्धा काढलेलं नव्हतं.

"हा कुणी आणला?"

"मी."

"कधी?"

"निघायच्या आधी. आधी काम कर ना तू." तेवढ्या बोलण्यानंही त्यांना धाप लागली.

मीटरची दोन्ही टोकं मी आधी एकमेकांना टेकवली. मीटर किणकिणला. वीस वर्षांनी तो आवाज ऐकला मी.  मी काळी वायर चार्जरच्या निगेटिव्हला धरली, लाल त्याच्या इनपुटला. चौदा पॉइंट एक. थांबले. अडतीस, एकोणचाळीस, 'टक्'. अकरा पॉइंट पाच. चार्जरनं हात वर केले.

"अकरा पॉइंट पाच," मी ओरडून सांगितलं.

"मग येणारी केबल सैल असेल," ईशान म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"येणारीच का? जाणारीही असेल."

पॉझिटिव्हची केबल मी इंजिनजवळच्या बॅटरीपासून बघत आले. जाडजूड, चांगली, स्क्रू घट्ट. मग मीटरचं एक टोक चार्जरच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचं होतं. वायर पुरेना. मी फ्रिजमागची जुनी वायर सोलून जोड दिला. दोन्ही निगेटिव्हच, तेव्हा मधे काहीच दिसायला नको. शून्याच्या आसपास. मी पुन्हा मोजत बसले. 'टक्'. दोन पॉइंट सहा.

"सापडलं," मी म्हटलं.

"काय?" हे उठून बसले होते.

"परत जाणारी वाट बंद आहे. वर्कशॉपवाल्यांनी निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला बांधलाय. कुठे बांधलाय ते बघायचं."

पेटीच्या मागे, चासीला एक बोल्ट होता. त्यावर वायरीचा डोळा, म्हणजे टोकाचं तांब्याचं कडं, कसलेला. मी टॉर्च मारला. बोल्टच्या खाली सगळीकडे रंग होता. काळाभोर, चकचकीत, सुंदर रंग. लोखंडाला लोखंड टेकलंच नव्हतं. थोडी वीज रंगाच्या ओरखड्यांतून कशीबशी जायची, जास्त ओढली की अडायची. त्यात तीन दिवसांची कच्छची खारी हवा.

खात्री करून घेण्यासाठी मी गाडीतली जंपर केबल काढली. एक टोक चार्जरच्या निगेटिव्हला, दुसरं दाराच्या बाहेरून फिरवून थेट इंजिनच्या बॅटरीला. 'टक्'. आणि ह्या वेळी पुढे काहीच झालं नाही. चार्जर गुणगुणत राहिला. पॅनलवर एक आकडा चढत गेला. बारा अँपिअर, पंचवीस, एकोणचाळीस.

"ईशान, एकोणचाळीस."

"मॅडम..." तो म्हणाला. मग, "मॅडम, गेल्या सहा महिन्यांत आम्ही अकरा गाड्यांना तो बोल्ट असाच बसवलाय."

"मग अकरा जणांना आजच फोन कर. सरांना द्या म्हणू नकोस. जो फोन उचलेल त्याला सांग."

बोल्ट काढून मी भाजीच्या सुरीनं रंग खरवडला. पार लोखंड पांढरं दिसेपर्यंत. सुरी वाया गेली. वायरीचा डोळा घासला, बोल्ट परत कसला, जंपर काढली. एकोणचाळीसच. हात काळे झाले होते, गुडघे सोलवटले होते. सुयोगला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स परत पाठवायला सांगितली. तो वाद घालायला लागला. मी म्हटलं, "बॅटरी भरतेय. तुझे बाबा नीट आहेत. आम्ही लखपतला चाललोय." आणि फोन ठेवला. मुलाचा फोन असा आयुष्यात पहिल्यांदा ठेवला असेल मी.

तीनच्या सुमाराला किल्ल्याच्या दरवाजातून गाडी आत घेतली. आत तुरळक घरं, पडके चौथरे, आणि भली थोरली भिंत. भिंतीपाशी गाडी उभी केली. मशीनची नळी लांब होती. दारातच घडीची खुर्ची टाकून मी ह्यांना बसवलं. समोर पांढुरकं, सपाट, नजर पोचेल तिथवर काही नाही.

मला वाटलं, ह्यांना आनंद होईल. पण हे समोर बघतच नव्हते. माझ्या काळ्या हातांकडे बघत होते.

"शशी, ते पान मी फाडलं."

मला आधी कळलंच नाही.

"रजिस्टरचं. शेठनं मला बोलावलं होतं. म्हणाला, पान राहिलं तर विमा कंपनी मला धरते, आणि मग तुम्ही दोघंही घरी बसा. पान नसलं तर फक्त हिला खिडकीवर बसवतो." धाप. "सुयोग दहावीला होता. मी फाडलं. डेपोच्या मागं चहाच्या शेगडीत घातलं. आणि वर येऊन तुला म्हटलं, सही कर."

मी उठले. भिंतीच्या कडेनं चालत गेले, खूप लांब. कुठे गेले होते ते आता आठवत नाही. एवढं आठवतं, की मधेच मी थांबले होते आणि मशीनचा घरघर आवाज येतोय का ते कान देऊन ऐकत होते. येत होता. मग परत आले.

ते तसेच बसले होते. गालावरून पाणी ओघळत होतं.

"इथं येऊन सांगायचं ठरवलं होतं," ते म्हणाले. "घरी धीर झाला नसता. तू शिव्या दे मला. मार. पण काहीतरी बोल."

"शिव्या दिल्या की तुम्ही मोकळे," मी म्हटलं. "मला काय नवीन सांगितलंत? मी लिहिलं होतं हे मला माहीतच होतं. वीस वर्षं एका मलाच माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्याला सांगा."

"कुणाला?"

"सर्जेरावांना."

त्यांचा चेहरा उतरला. "आता? आज?"

"आता. रेंज आहे. एक दांडी आहे, पण आहे."

"शशी, तो मला..."

"काय करेल? बोलणं सोडेल? माझ्याशी सोडलंय त्यानं वीस वर्षं. त्याच्या बायकोनं हळदीकुंकवातून मला उठवलं होतं, तुम्ही दारात उभे होता. फोन लावा अहो. श्वास पुरत नसेल तर मधे थांबत थांबत बोला. मी मशीन वाढवते."

मी खरंच वाढवलं. दोनावरून तीनवर. आणि फोन लावून त्यांच्या हातात दिला. स्पीकर चालू करून.

सर्जेरावांनी उचलला. "हणमा! कुठं आहेस रे? बरा आहेस का?"

ह्यांनी सांगितलं. सगळं. पान, शेगडी, शेठ, सही. चार वेळा थांबले. एकदा इतका वेळ थांबले, की फोन तुटला असं मला वाटलं. मी मदत केली नाही. एक शब्द मी त्यांच्या तोंडात घातला नाही. सुयोग दहावीला होता, हे मात्र त्यांनी सर्जेरावांना सांगितलं नाही. ते माझ्या ध्यानात आलं.

 पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज येत होता.

"वहिनी आहेत का तिथं?" सर्जेराव म्हणाले.

"आहे," मी म्हटलं.

"केबल केवढी लिहिली होतीत?"

"पंचवीस एमएम."

"आणि बसवलेली होती?"

"सहा."

"सहा," ते म्हणाले. मग स्वतःशीच पुन्हा म्हणाले, "सहा. माझ्या मुठीत आली तेव्हा मला वाटलंच होतं, ही एवढीशी कशी." त्यांचा आवाज फाटला. "वहिनी, तुमच्या दारावरून जाताना मी मान फिरवायचो. रोज."

"मला माहीत आहे. मी खिडकीतून बघायचे."

"मला फोनवर काही बोलता येणार नाही. तुम्ही या घरी. तुम्ही एकट्या या. त्याचं तोंड बघायचं नाही मला."

हणमंतरावांनी मान खाली घातली. मी त्यांच्याकडे बघितलं, बराच वेळ. मग फोन तोंडाजवळ घेतला.

"येते," मी म्हटलं. "पण ह्यांना घेऊन येते. तुम्हाला तोंड बघायचं नसेल तर डोळे मिटून बसा. तुमच्या हातांकडे बघून सांगू दे त्यांना."

 भांड्यांचा आवाज थांबला. मग त्यांच्या बायकोचा आवाज आला, फोनपासून लांबून, कोण आहे म्हणून विचारणारा. आणि सर्जेराव तिला म्हणाले, "शशीवहिनी येणारेत. हणमाला घेऊन."